भंगारातली होडी

माझं उमापुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गोदावरी आमच्या गावाला खेटून वाहत नाही. ती उत्तरेला, गेवराई तालुक्याच्या हद्दीवरून जाते. तरी पावसाळ्यात नदी माझ्या दुकानात येतेच. जायकवाडीचे दरवाजे उघडले की दोन-चार दिवसांत काठच्या गावांतून गाळाने भरलेल्या मोटारी यायला लागतात. २००६ च्या ऑगस्टात धरणातून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, पैठण पाण्यात गेलं, तेव्हा मी शिकाऊ होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. म्हणजे सेकंदाला सत्तर लाख लिटर पाणी आमच्या वरच्या अंगाने येत होतं. मला तेव्हा एवढंच कळत होतं, की पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मोटारी धुवायच्या आहेत.

पुढे आपेगाव, हिरडपुरीला बंधारे झाले, पात्रात पाणी थांबायला लागलं, आणि दोराला बांधून पात्रात सोडलेल्या पाणबुडी मोटारीही वाढल्या. पाणी सुटायच्या आत त्या काढायच्या तर आत जावं लागतं. आत जायचं साधन म्हणजे चप्पू: थर्माकोलचे तुकडे, वर फळी, नाहीतर ट्रकची फुगवलेली ट्यूब. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची पोरं अशाच थर्माकोलवर बसून शाळेला जात होती, ते पेपरात आलं आणि उच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. आमच्याकडे दखल घेण्यासारखं काही घडलं नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाचा चप्पू मोटारीच्या वजनाने उलटला आणि दोर कमरेला होता म्हणून तो माणूस वाचला. मोटार दुकानात आली. ती खोलत असताना तो समोर बाकड्यावर बसून होता आणि चहाचा कप त्याला धरवत नव्हता.

२०२२ च्या दिवाळीनंतर पैठणच्या बाजूला एका भंगाराच्या वाड्यात मला फायबरची होडी दिसली. चौदा फुटी, उपडी पडलेली, वर निळा रंग. होडीतलं मला काहीही कळत नव्हतं. पण वाइंडिंगच्या तारांवर आम्ही फायबरग्लासची स्लीव्ह चढवतो, वार्निश लावतो, भट्टीत भाजतो. काचेचा धागा आणि चिकट द्रव हे माझ्या रोजच्या हातातलं. दोन उन्हाळे त्या होडीत गेले. त्यातून जे हाताला लागलं ते लिहून ठेवतोय, म्हणजे आणखी कुणी काठावरचा माणूस अशा होडीपाशी थांबला तर त्याला कामाला येईल.

१. फायबरला भंगारात भाव नसतो, हे आधी माहीत असावं.

मी नऊ हजार दिले. लोखंड किलोवर जातं, बादल्या-खुर्च्यांचं प्लास्टिक वितळून पुन्हा कामाला येतं. फायबरची होडी म्हणजे काचेचे धागे आणि त्यांच्यात जमलेलं पॉलिएस्टर रेझिन. ते एकदा जमलं की पुन्हा वितळत नाही. भंगारवाल्याला ती फक्त जागा अडवते. घासाघीस केली असती तर तो दोन हजारातही मोकळा झाला असता.

पण यातच या होडीची दुसरी गोष्टही आहे. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो गावी रे ग्रीन यांनी १९४२ साली काच आणि पॉलिएस्टरची होडी बनवली, ती या जातीच्या पहिल्या होड्यांपैकी. म्हणजे जगातली जुन्यात जुनी फायबर होडीसुद्धा एका म्हाताऱ्या माणसाच्या वयाची. लाकडी नाव मोडली तर चुलीला लागते, मातीत मिळते. ही कुजत नाही, वितळत नाही, जाळली तर विषारी धूर करते. टाकून द्यायला जागा नसलेली वस्तू दुरुस्त करणं मला फार मोलाचं वाटतं, आणि हे मी वर्षानुवर्षं जळक्या मोटारी पुन्हा भरणारा माणूस म्हणून सांगतोय.

२. डोळ्यांनी बघू नका, ठोकून ऐका.

माठ घेताना आपण टिचकी मारतो. होडीलाही तेच. दहा रुपयांचं नाणं किंवा स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन वीतभर अंतराने सगळं अंग ठोकत जायचं. थर एकमेकांना धरून असतील तर आवाज टणक येतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी असेल तर बद्द वाजतं. मी बद्द आवाजाच्या जागांवर खडूने गोल करत गेलो. मी हे घरी आणल्यावर केलं. भंगारवाल्याच्या वाड्यात करायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत निळ्या होडीवर पांढरे एकोणीस गोल झाले होते. माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, हिला देवी आल्यात का?"

३. आधीच्या माणसाने जे झाकलंय ते सगळं उघडा. अर्धंमुर्धं नाही, सगळं.

हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा धडा, आणि पहिला उन्हाळा मी तो न शिकता घालवला.

होडीच्या भेगांवर कुणीतरी पुट्टी दाबली होती आणि वरून रंग मारला होता. मीही तेच करायला निघालो होतो: पुट्टी खरवडायची, नवी भरायची, रंग. चार दिवसांत तेवढं केलंही. मग मागच्या सपाट भिंतीला, जिला ट्रान्सम म्हणतात आणि जिच्यावर इंजिन बसतं, एक कडी बसवायला भोक पाडलं. ड्रिलच्या पात्याबरोबर पांढरा किंवा पिवळसर लाकडाचा भुसा यायला हवा. काळपट, ओला, चहाच्या चोथ्यासारखा लगदा आला. वास गोठ्यातल्या कुजक्या कडब्याचा.

या होड्या वरून फायबरच्या असल्या तरी ट्रान्सममध्ये प्लाय असतो, तळाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांतही बहुधा लाकूड असतं, आणि दोन तळांच्या मधे फोम. कुणीतरी कधीतरी एक स्क्रू मारतो, त्याच्या भोकात सील लावत नाही, आणि पाणी आत जायला वाट मिळते. बाहेर यायची वाट नसते. पाणी वर्षानुवर्षं आत बसतं. रंग मारला की ते आणखी पक्कं कोंडलं जातं. म्हणजे होडीचं नुकसान जेवढं दगडांनी केलं त्याहून जास्त तिला नीट दिसावी म्हणून केलेल्या झाकपाकीने केलं होतं.

मी ग्राइंडर घेतला आणि ट्रान्समची आतली कातडी चारी बाजूंनी कापून काढली. प्लाय हाताने, मूठ-मूठ निघाला. मग तळाची फळी उघडली. खालचा पिवळा फोम पिळला तर पाणी गळत होतं. कापसाच्या व्यापाऱ्याकडचा लटकता काटा आणला आणि सगळा निघालेला माल पोत्यांत भरून तोलला: ५८ किलो. म्हणजे ही होडी जितके दिवस पाण्यात होती तितके दिवस एक जादा माणूस अंगात घेऊन चालत होती, आणि तो दिसत नव्हता म्हणून कुणी मोजला नव्हता.

आता रिकामी, कापलेली होडी बघून छातीत धस्स होतं. शेजारी येऊन विचारून जातात, "मिस्त्री, दुरुस्त करायलात का मोडायलात?" त्या दिवसांत काम सोडून द्यावंसं वाटतं. मी नेमक्या त्याच वेळी सात महिने सोडलं. २०२३ ला पाऊसही रुसला, जायकवाडी अर्धंसुद्धा भरलं नाही, नदीत पाणी सुटण्याचा प्रश्नच नव्हता, आणि होडी लिंबाखाली उघडी पडून राहिली. पुढे कळलं, की सोडून दिलेल्या त्या महिन्यांनीच निम्मं काम केलं.

४. वाळवणं हे काम आहे. त्याला वेळ द्यायचा.

फायबर पाणी पीत नाही असं मला वाटायचं. पितं, हळूहळू. बाहेरचा गुळगुळीत थर, जेलकोट, त्यातून पाण्याचे कण आत झिरपतात, आतल्या न जमलेल्या रसायनांत मिसळतात, आणि मग आणखी पाणी ओढून घेतात. मनुका पाण्यात टाकल्यावर जशा फुगतात तसे जेलकोटखाली फोड येतात. एक फोड टोकरला तर आतून चिकट पाणी आलं, व्हिनेगरसारखा आंबट वास. सगळे फोड फोडून, ग्राइंडरने उघडे करून, साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावे लागतात, कारण ती आंबट चिकटाई आत राहिली तर नव्या थराखाली पुन्हा पाणी ओढते.

ओल गेली की नाही हे बघायला महागडं यंत्र नको. हातभर पॉलिथिनचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने होडीवर घट्ट लावायचा आणि दिवसभर ऊन खाऊ द्यायचं. आतून दव धरलं तर अजून ओल आहे. मी दर रविवारी लावायचो. फेब्रुवारीत कागद पांढरा धुरकट व्हायचा, मार्चअखेरीला चार-दोन थेंब, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कोरडा.

आमच्या बीडच्या उन्हाळ्याला लोक नावं ठेवतात, मीही ठेवतो. पण कोकणातला माणूस ज्या कोरड्या हवेसाठी होडी शेडमध्ये नेऊन दिवे लावून ठेवतो, ती आम्हाला एप्रिलमध्ये फुकट मिळते. या एका कामाला उमापूरसारखं गाव नाही.

५. वार्निश वाळतं, रेझिन वाळत नाही, जमतं.

माझी सगळी चूक इथून सुरू झाली, कारण हातात वीस वर्षांची वार्निशची सवय. वार्निशमधला पातळ द्रव उडून जातो, भट्टीत राहिलेलं भाजून निघतं. रेझिनचं तसं नाही. त्यात आधी कोबाल्टचा जांभळट द्रव, म्हणजे अॅक्सिलरेटर मिसळतात, आणि लावायच्या अगदी आधी कॅटॅलिस्ट घालतात. मग ते आतल्या आत उष्णता काढत दह्यासारखं धरतं आणि दगड होतं. उलट हवा लागणारा पृष्ठभाग चिकटच राहतो. मला वाटलं माल खराब आहे, दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. तो चिकटपणा पुढच्या थराला धरायला सोयीचाच असतो. फक्त शेवटच्या थरात मेणाचा द्रव मिसळायचा किंवा वरून प्लास्टिकचा कागद दाबायचा, म्हणजे हवा तुटते.

आणि हे वाचणाऱ्याने बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं विसरू नये: कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळायचं, मग कॅटॅलिस्ट. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत, दोन्हींसाठी वेगळी सिरिंज, आणि सिरिंजांवर रंगीत पट्टी. माझ्याकडे शिकाऊ पोरगा होता, म्हणून मी बाटल्यांवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून ठेवलं होतं. कॅटॅलिस्ट डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. मिसळताना गॉगल, आणि हाताशी स्वच्छ पाण्याची कळशी. उडालंच तर पंधरा मिनिटं डोळा धुवत राहायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा.

६. अंदाजाने घालू नका, मोजा. आणि घड्याळ बघा.

किलोभर रेझिनला कॅटॅलिस्ट दहा ते वीस मिली. बेचाळीस अंशाच्या उन्हात मी नेहमीच्या मापाने मिसळलं तर मग्यातला माल ब्रश बुडवण्याआधी जेलीसारखा झाला, मग तापला, मग धूर. तापमान दहा अंशांनी चढलं की हातातला वेळ साधारण निम्म्यावर येतो. घाबरून कॅटॅलिस्ट फार कमी केलं तर आणखी वाईट: ते अर्धवट जमतं आणि कायमचं कच्चं राहतं. एक टक्क्याच्या खाली जायचंच नाही. त्याऐवजी पाव-पाव किलो कालवायचं, खोल मग्यात न ठेवता पसरट थाळीत ओतायचं म्हणजे उष्णता निघून जाते, आणि पहाटे पाच ते आठ काम करायचं. आमचं सगळं फायबर पहाटेच बसलंय. वळवाचं आभाळ आल्यावर एक दिवस हात धरवला नाही म्हणून काम केलं, तर दमट मॅटवर, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांच्या चादरीवर, रेझिन दुधाळ झालं. तो तुकडा पूर्ण घासून काढावा लागला.

उरलेला माल उकिरड्यावर टाकू नये. मग्यात पाणी ओतून उघड्यावर जमू द्यावा. कॅटॅलिस्टच्या चिंध्याही पाण्याच्या बादलीत.

७. भोक जेवढं, त्याच्या कितीतरी पट घासायचं.

तळाला उजव्या बाजूला तळहाताएवढी जागा फुटलेली होती. मला वाटलं, तळहाताएवढा तुकडा लावू. पण जुनं रेझिन पूर्ण जमलेलं असतं. नवं त्याच्याशी एकजीव होत नाही, फक्त खरखरीत अंगाला धरून बसतं. म्हणून धरायला भरपूर जागा द्यावी लागते. जाडीच्या बारा पट उतार: होडीचं अंग पाच मिलिमीटर असेल तर भोकाच्या कडेपासून सगळीकडे सहा सेंटिमीटर लांब, नांगरटीच्या बांधासारखा हळू उतरता उतार. चाळीस नंबरच्या सँडपेपरने, मग अॅसिटोनचा कपडा, आणि त्यानंतर हात लावायचा नाही. घामाचा हातसुद्धा नाही. तळहाताएवढ्या भोकासाठी परातीएवढी जागा घासून निघाली.

मग थर. पहिला मॅटचा, कारण मॅटचे तुटक धागे खालच्या अंगात नीट बसतात. मग जाड विणीचं रोव्हिंग, पुन्हा मॅट. साडेचारशे ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो. मॅट तिच्या दुप्पट-अडीचपट वजनाचं रेझिन पिते, रोव्हिंग त्याच्या वजनाएवढंच. खाचांच्या लोखंडी रोलरने हवेचे बुडबुडे काठाकडे ढकलत न्यायचे. हे काम मला इतकं आवडलं की काय सांगू. पांढरी मॅट रेझिन पिऊन बघता बघता पारदर्शक होते आणि खालचं जुनं अंग दिसायला लागतं. कुठे पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे.

८. थर्माकोल आणि रेझिन एकत्र नको.

भरलेली फायबरची होडी बुडते. लाकडी नाव पाणी भरलं तरी तरंगत राहते, फायबर पाण्याच्या दीडपट जड. म्हणून सीटखाली तरंगणारं काहीतरी कोंडावं लागतं. नदीकाठी चप्पूसाठी थर्माकोल सगळे वापरतात, मीही सीटच्या खोक्यात थर्माकोलचे ठोकळे ठासले आणि वरून मॅट-रेझिन मारलं. दहा मिनिटांत सीटचा वरचा भाग खचला. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला विरघळवतं. गरम चहात बिस्किट बुडावं तसे ठोकळे आत बसले. पेट्रोलही थर्माकोलला असंच खातं. इंजिन लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

मग वीस लिटरचे सहा प्लास्टिक कॅन आणले, रबरी वायसरची झाकणं घट्ट केली. या प्लास्टिकला रेझिन चिकटत नाही, म्हणून पट्ट्यांनी आवळून बसवले. एकशे वीस लिटर म्हणजे जवळपास तेवढ्याच किलोंची उचल.

९. प्लाय उकळून बघा.

मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो. या दर्जाचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटायला नकोत, असं मानक आहे. शिक्का छापणं सोपं असतं. मी घेतलेल्या पहिल्या फळीचा वीतभर तुकडा दुकानामागे चुलीवर उकळला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुस्तकासारखा उघडला होता. फळी परत केली, दुसरीकडून घेतली, तिचा तुकडा तीन दिवस शिजवला. सरपण गेलं, पण ट्रान्सममध्ये काय जातंय ते मला माहीत होतं. नव्या प्लायच्या सगळ्या कडा, आणि त्यात पाडलेलं प्रत्येक भोक आतून, रेझिनने दोनदा पाजलं.

१०. खाज आणि वास यांच्याशी मर्दुमकी दाखवू नये. काचेची धूळ अंगात घुसते. पूर्ण बाह्या, हातमोजे, डोक्याला उपरणं, तोंडाला वास अडवणाऱ्या डबीचा मास्क; साधा रुमाल स्टायरीन अडवत नाही. आंघोळ आधी गार पाण्याने. घासायचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नयेत, हे माझ्या बायकोने मला एकदाच सांगितलं.

११. पहिलं पाणी शेततळ्याचं.

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी होडी ट्रॉलीत घालून एका ओळखीच्या शेततळ्यावर नेली. शेततळं शांत असतं, धार नसते, म्हणून चाचणीला चांगलं. पण त्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने निसरडा असतो आणि काठ उभे. पोहणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. असे जीव आपल्याकडे दर वर्षी जातात. आम्ही चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले, लाईफ जॅकेट घातली, होडीच्या तळाला गोणपाट गुंडाळलं म्हणजे शेतकऱ्याचा कागद फाटू नये.

आधी रिकामी. मग चार माणसं. मग मी मुद्दाम बुचाचं भोक उघडलं. पाणी चढत गेलं, सीटपर्यंत आलं, काठ पाण्याला टेकले, आणि होडी तिथेच थांबली. पाण्याने काठोकाठ भरलेली, पण तरंगणारी. चौघं जण बाहेरून तिला धरून लटकलो तरी ती खाली गेली नाही. सहा कॅनचा हिशोब कागदावर बरोबर होता. छातीपर्यंत पाण्यात तिला धरून उभं असताना तो मला पहिल्यांदा खरा वाटला.

१२. होडी कळली म्हणजे नदी कळली असं नाही.

नदीवर मला एका म्हाताऱ्या भोयाने नेलं. मी त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी होडीला हात लावला, काठ दाबून बघितला, म्हणाले, "चीज चांगली झाली, मिस्त्री. आता पान्याकडं बगायला शिका." पाणी वाढलेलं दिसायच्या आधी काडीकचरा आणि फेस यायला लागला की वरून पाणी निघालंय; अशा वेळी मोटार राहू द्यायची आणि काठ धरायचा. वल्ह्यासोबत लांब बांबू असावा, कारण बंधाऱ्याच्या फुगवट्यात गाळात वल्हं चालत नाही. मोटार होडीच्या एका बाजूने उचलायची नाही, पुढच्या टोकावरून उचलायची, आणि तेव्हा दुसऱ्या माणसाने मागे बसायचं.

तात्यांबरोबर राक्षसभुवनच्या काठाला बसलो होतो. १० ऑगस्ट १७६३ ला इथेच माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. निजामाचं अर्धं सैन्य नदी उतरून पलीकडे गेलं होतं, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह अलीकडे, आणि मधे गोदावरीला पूर. अलीकडे दिवाण मारला गेला आणि पलीकडून निजामाला काही करता आलं नाही. शाळेत ही लढाई पाठ केली होती, पण त्यातल्या पुराकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. हत्ती-घोड्यांच्या फौजेला जे पाणी ओलांडता आलं नाही त्यात चौदा फुटी होडी घालायची नाही, हे मी त्या काठावर मनाशी पक्कं केलं. ही होडी पूर यायच्या आधीची आहे. इशारा येतो, पाणी पोचायला काही तास असतात, तेवढ्या तासांची.

नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, मी ती नेत नाही. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे मनाला येईल तशी होडी घालणं बरोबर नाही. इंजिनही बसवलेलं नाही. बसवायचं तर २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे नोंदणी आली, आणि आमच्या कामाला वल्ही पुरतात.

१३. बुचाची जागा ठरवून ठेवा.

ट्रान्समच्या तळाशी पाणी काढायचं भोक असतं. होडी जमिनीवर असताना ते उघडं ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. पाण्यात घालताना बंद. मी पितळी बूच आणलं आणि ते दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं. २०२४ च्या सप्टेंबरात धरण भरलं, दरवाजे उघडणार असा निरोप दुपारी आला. काठावरून एका गिऱ्हाइकाचा फोन, मग दुसऱ्याचा. मी शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि किल्ली काढताना बूच हातात आलं. ट्रॅक्टर दारात उभा होता. त्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत आम्ही सात मोटारी काढल्या. सगळ्यात शेवटची त्याच माणसाची होती, ज्याचा चप्पू उलटला होता. तो स्वतः होडीत बसायला तयार नव्हता. काठावर उभा राहून दोर हातात धरून होता, आणि मोटार काठाला लागेपर्यंत त्याने तो सोडला नाही.